पाहणाऱ्याचा हक्क कशावर?

आपण पैसे मोजून, वेळ काढून, दूरचा प्रवास करून एखादी गोष्ट पाहावयास जातो, आणि ती गोष्ट होतच नाही. अशा वेळी आपले नेमके काय हिरावले गेले? आणि ते कोणी हिरावले? प्रश्न साधा दिसतो, पण उत्तर देताना भलेभले घसरतात. कोणी देवावर घसरतो, कोणी माणसावर, आणि कोणी आपल्याच कपाळाला हात लावून बसतो. या प्रश्नाचा विचार आम्ही येथे एका दृष्टांताच्या आधाराने करणार आहोत. दृष्टांत इंग्लंडातला आहे, आणि तोही फटफटीच्या शर्यतीचा! 'महाराज, तुम्हांला हे कोठले व्यसन लागले?' असे कोणी विचारील. व्यसन नव्हे. पण वाचकहो, आपल्यापैकी कित्येकांच्या घरी नातवंडे सुट्टीच्या दिवशी या शर्यती पाहत बसलेली असतात, आणि पडद्यावर पाऊस आला की त्यांची तोंडे उतरतात. ती का उतरतात, हे आजोबांनाही ठाऊक असावे. शिवाय कीर्तनकाराने दृष्टांत जेथे सापडेल तेथून उचलावा. मधमाशी फुलाचे गाव विचारीत नाही.

तर प्रथम हकीकत ऐका. इंग्लंडात नॉर्दम्प्टनशायर परगण्याच्या कडेला सिल्व्हरस्टोन नावाचे मैदान आहे. दुसऱ्या महायुद्धात तेथे विमानांचा तळ होता. युद्ध संपले, विमाने गेली, आणि १९४८ पासून त्या जागेवर शर्यती धावू लागल्या. आजचा तेथील रस्ता सुमारे सहा किलोमीटर लांबीचा असून त्याला अठरा वळणे आहेत. मोटोजीपी नावाची फटफटीची जागतिक स्पर्धा वर्षभर देशोदेशी फिरत असते. तिचा एक मुक्काम येथे पडतो. सरळ पट्ट्यावर हे स्वार ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक वेगाने जातात. आणि एवढ्या वेगात जमिनीचा आधार किती म्हणाल, तर एकेका चाकाखाली साधारण आपल्या तळहाताएवढा!

२०१८ सालच्या ऑगस्टची २६ तारीख, रविवार, हा शर्यतीचा दिवस. आदल्या दिवशी सराव चालू असताना पाऊस आला आणि स्टो नावाच्या वळणावर पाणी साचले. सरळ पट्टा संपून वेग आवरावयाचा, नेमकी तीच जागा. आलेक्स रिन्स नावाचा स्पॅनिश स्वार तेथे पोहोचला. ब्रेक दाबतो तो चाक रस्त्यावर नाहीच, पाण्यावर तरंगते आहे! तो खाली गेला. मागून टिटो राबाट आला, तोही पडला. पडला तो बिचारा कडेच्या खडीत उभा राहिला, तेवढ्यात फ्रांको मॉर्बिदेल्ली याचीही गाडी त्याच पाण्यावरून सुटली आणि सरळ राबाटवर येऊन आदळली. उजव्या पायाची मांडीची आणि नडगीची हाडे मोडली. त्याला तेथून रुग्णालयात नेऊन शस्त्रक्रिया करावी लागली.

रविवारी दुपारी पाऊस येणार असा अंदाज होता, म्हणून मुख्य शर्यतीची वेळ अलीकडे आणून सकाळी साडेअकराची ठेवली. पण पाऊस कोणाचे वेळापत्रक पाहतो? तो आला आणि राहिला. शर्यत थोडी पुढे, आणखी थोडी पुढे, असे करता करता दुपारचे चार वाजत आले. पाहणीच्या गाड्या फिरत होत्या, स्वारांची बैठक झाली, आणि अखेर त्या दिवसाच्या तिन्ही वर्गांच्या शर्यती रद्द झाल्याचे जाहीर झाले. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, त्या देशात सुट्टी होती. तेव्हा शर्यत घ्यावी असाही विचार निघाला, पण तो टिकला नाही. हवामानामुळे सबंध दिवस फुकट जाण्याचा असा प्रसंग या स्पर्धेत पूर्वी १९८० साली ऑस्ट्रियात साल्झबुर्गरिंग येथे आला होता. तेव्हा कारण बर्फ होते.

आता त्या हजारो प्रेक्षकांकडे पाहा. कोणी आदल्या रात्रीपासून तंबू ठोकून राहिलेला, कोणी पोरांना घेऊन पहाटे निघालेला, कोणी वर्षाची रजा राखून ठेवलेली. अंगावर पाऊस, पायांखाली चिखल, आणि समोर रिकामा रस्ता. होणार की नाही हेही तासन् तास धड कळत नाही. अशा माणसाला राग आला तर नवल काय? त्याला 'संताप करू नका' म्हणून उपदेश करण्याची आम्हांस मुळीच घाई नाही. आम्ही एवढेच विचारतो की, राग आहे तर तो कोणत्या पत्त्यावर जावा? टपाल चुकीच्या घरी पडले तर खऱ्या घरचा माणूस निश्चिंत झोपतो आणि भलत्याच्या दाराशी कडी वाजते. रागाचेही तसेच आहे.

आमच्या जुन्या शास्त्रकारांनी याचा विचार केलेला आहे, हे ऐकून तरुण वाचकांना आश्चर्य वाटेल. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात 'सिद्धी' या विषयाला एक स्वतंत्र अध्याय दिला आहे. प्रयोग यशस्वी केव्हा म्हणावा आणि बिघडला तर कशाने बिघडला म्हणावे, याची ती चर्चा आहे. बिघाडाला मुनी 'घात' म्हणतात. काही घात दैवाने होतात. काही आत्मसमुत्थ, म्हणजे करणाऱ्यांच्या स्वतःच्या चुकीतून उठलेले. काही परसमुत्थ, म्हणजे द्वेष्ट्यांनी मुद्दाम केलेले. भूकंप, उल्कापात असल्या उत्पातांचा वर्ग त्यांनी आणखी वेगळा काढला. दैवी घातांच्या यादीत वारा आहे, आग आहे, हत्ती बिथरणे आहे, साप निघणे आहे, आणि होय, पाऊसही आहे! म्हणजे दोन हजार वर्षांच्या आसपास मागेही कोठेतरी खेळ रंगात आला असता सर आली असेल, आणि प्रेक्षक डोक्यावर उपरणे घेऊन चरफडत घरी गेला असेल.

या विभागणीचा उपयोग असा की, 'का बिघडले?' याला एकच उत्तर देऊन मोकळे होता येत नाही. सिल्व्हरस्टोनला पाऊस पडला, हा दैवी घात. येथपर्यंत भांडण कोणाशीच नाही. पण थांबा. मोटोजीपीच्या शर्यती पावसात होतच नाहीत की काय? होतात! त्यासाठी खाचा पाडलेली निराळी चाके असतात. त्या खाचा पाणी बाजूला फेकतात. कोरड्यात सुरू झालेल्या शर्यतीत मध्येच पाऊस आला तर स्वार येऊन गाडी बदलतो आणि पुन्हा जातो, असा नियमच आहे. २०१६ साली हॉलंडात आस्सेन येथे मुसळधार पावसात शर्यत थांबवावी लागली, पण पाणी ओसरल्यावर ती पुन्हा सुरू करून त्याच दिवशी पुरी केली. तेव्हा पाऊस म्हणजे रद्द, असे समीकरण नाही. खाचांना फेकता येईल त्याहून जास्त पाणी रस्त्यावर उभे राहिले, म्हणजे मात्र चाक तरंगते. मग स्वार कितीही कसलेला असो, त्याचे काही चालत नाही.

आणि पाणी उभे का राहिले? त्याच वर्षाच्या आरंभी सबंध रस्त्यावर नवे डांबर घातले होते. त्या नव्या थरावरून पाणी जसे निथळावयास हवे तसे निथळेना. पुढच्या वर्षी, २०१९ च्या जूनमध्ये, तो रस्ता पुन्हा नव्याने करावा लागला, यावरून काय ते समजावे. म्हणजे पाऊस दैवाचा खरा, पण तळे माणसाचे! पडणारे पाणी आणि साचणारे पाणी यांत जो फरक आहे, तोच दैव आणि कर्तव्य यांत आहे. पडणारे पाणी अडविणे कोणाच्या हाती नाही. साचणारे पाणी वाहते करणे मात्र कोणाच्या ना कोणाच्या हाती असतेच.

येथे आम्ही भरतमुनींशी, त्यांच्या पायांवर मस्तक ठेवून, एक लहानसा वाद घालू इच्छितो. दैवी घातांच्या यादीत त्यांनी मंडप कोसळणे हेही घातले आहे. मुनिवर्य, मंडप आपण होऊन कोसळतो काय? वारा दैवाचा असेल, पण खांब किती खोल पुरला आणि दोर किती घट्ट आवळला, हे दैवाचे नव्हे. आम्ही चाळीस वर्षे गावोगावच्या सप्ताहांत उभे राहत आलो आहोत. एका गावी ताडपत्री फाटकी आहे हे आठ दिवस आधी दिसत असताना कोणी ती बदलली नाही. काल्याच्या दिवशी सर आली, म्हाताऱ्याकोताऱ्या भिजल्या, लहान मुले गारठली, आणि व्यवस्थापक हात जोडून म्हणाले, 'पांडुरंगाची इच्छा!' आम्ही म्हटले, 'बाबांनो, पाऊस पाडण्याची त्याची इच्छा असेल, पण ताडपत्री फाटकी ठेवण्याची इच्छा तुमची होती. तुमची इच्छा त्याच्या नावावर कशाला मांडता?' देवाचे नाव घेणे वेगळे आणि देवाच्या नावाआड दडणे वेगळे. पहिल्याला भक्ती म्हणतात; दुसऱ्याला काय म्हणतात ते आम्ही लिहीत नाही, वाचकांनीच म्हणावे.

असो. रागाचा एक पत्ता सापडला. आता दुसऱ्या, चुकीच्या पत्त्याकडे वळू. तो म्हणजे स्वार. 'ही माणसे धाडसाची म्हणून नावाजलेली, रग्गड पैसा घेतात, आणि पाणी पाहून माघार घेतात? सैनिकाने पावसात लढू नये काय?' असा पूर्वपक्ष आहे. ऐकावयास मोठा जोरकस. पण तपासून पाहा. सैनिक जो जीव पणाला लावतो तो अशा गोष्टीसाठी, जी दुसऱ्या उपायाने राखता येत नाही. मागे गाव असते, लेकरे असतात. शर्यतीच्या मागे काय होते? आपली दुपार! आपली दुपार मोलाची आहे, हे आम्ही आधीच मान्य केले. पण तिचे मोल आणि एका माणसाच्या मांडीच्या हाडाचे मोल एकाच तागडीत घालता येत नाही.

'पण धोका त्याने स्वखुशीने पत्करला आहे ना?' पत्करला आहे, पण कोणता? वेगाचा, वळणाचा, शेजारच्या स्वाराच्या चुरशीचा. हे धोके त्याच्या विद्येच्या टप्प्यात येतात. तीच तर त्याची विद्या. ब्रेक दाबल्यावर चाकाखाली रस्ताच नसणे, हा धोका विद्येच्या बाहेरचा. तेथे शूर आणि भित्रा दोघे सारखेच घसरतात. जेथे कौशल्याला वाव नाही तेथे धाडस नसते, नुसती सोडत असते. आणि सोडत पाहण्यासाठी इतक्या लांब कशाला जावयाचे?

'एखादा स्वार तयार असेल तर त्याला तरी जाऊ द्यावे.' हाही पूर्वपक्ष पुष्कळांना पटतो. त्याचे उत्तर शनिवारच्या अपघातातच आहे. राबाट स्वतःच्या पडण्याने तेवढा मोडला नाही. तो दुसऱ्याच्या सुटलेल्या गाडीने मोडला. एका रस्त्यावर सगळे धावतात, तेव्हा एकाची संमती ही एकाचीच राहत नाही. माझ्या जिवावर मी उदार होईन, पण माझ्या उदारपणाचा खर्च खडीत उभ्या असलेल्या माणसाकडून वसूल होत असेल, तर ते औदार्य कसले? कडेला झेंडे घेऊन उभी असणारी माणसे, पडलेल्याला उचलणारे डॉक्टर, यांना तर कोणी विचारलेलेही नसते.

आणखी एक इतिहास सांगतो. तो कळला म्हणजे नकाराची किंमत कळेल. ही ब्रिटिश शर्यत पूर्वी सिल्व्हरस्टोनला नव्हती. ती आयरिश समुद्रातल्या मॅन नावाच्या बेटावर, गावांतल्या आणि डोंगरांतल्या नेहमीच्या रहदारीच्या रस्त्यांवर होत असे. १९७२ च्या जूनमध्ये तेथे पावसात आणि धुक्यात शर्यत सोडली. जिल्बेर्तो पार्लोत्ती नावाचा इटालियन स्वार डोंगरातल्या वळणावर पडला आणि गेला. त्याचा मित्र जाकोमो आगोस्तिनी त्या काळचा सर्वांत मोठा स्वार. त्या बेटावर अनेकदा जिंकलेला. त्याने सांगितले की, आता मी येथे पुन्हा धावणार नाही. त्याच्यामागून इतर नामांकित स्वारही त्या बेटाकडे पाठ फिरवू लागले. बेटावरची शर्यत आजही होते, पण १९७६ नंतर तिचा जागतिक स्पर्धेतला मान गेला आणि १९७७ साली ब्रिटिश शर्यत सिल्व्हरस्टोनला आली. पुढे काही वर्षे ती डोनिंग्टनला होती, २०१० मध्ये पुन्हा येथे परतली.

लक्षात आले का? ज्या मैदानावर २०१८ साली प्रेक्षक 'का धावत नाहीत?' म्हणून रागावले, त्या मैदानावर ही शर्यत मुळात आली ती स्वारांच्या 'धावणार नाही' या शब्दामुळे. पावसात एक गेला, दुसऱ्याने नकार दिला, आणि त्या नकारातून पुढच्यांना थोडी सुरक्षित जागा मिळाली. पहिला नकार मरणानंतर आला. २०१८ चा नकार मरणाच्या आधी आला. जगाने पन्नास वर्षांत काही शिकले असेल, तर ते हेच की नाही म्हणावयास कोणाच्या मरणाची वाट पाहू नये.

येथे प्रेक्षकधर्माचा प्रश्न येतो. नाटकात भयानक रस असतो. पडद्यावर राक्षस येतो, आपल्या अंगावर काटा येतो, आणि तरी आपण आनंदाने बसून राहतो. का? तर कोणी खरोखर मरत नाही हे मनाच्या तळाशी आपल्याला ठाऊक असते. भीती आहे पण घात नाही, म्हणूनच तिचा रस होतो. शर्यतीचे मैदान हे नाटकाचे मैदान नव्हे. तेथे पडलेला माणूस पडदा पडल्यावर उठून रंग पुसत नाही. तेव्हा तेथील भीतीची गोडी चाखण्याचा अधिकार आपल्याला एका अटीवरच आहे: भीती खरी घडू नये अशी आपली मनापासून इच्छा असली पाहिजे. ती इच्छा सुटली की आपण प्रेक्षक राहिलो नाही. मग बैलांची झुंज लावून रक्ताची वाट पाहणारा आणि आपण, यांत फरक काय उरला?

त्याच अध्यायात भरतमुनी उत्तम प्रेक्षकाची ओळखही सांगतात. समोरच्याच्या आनंदात जो आनंदतो, त्याच्या शोकात शोक करतो, आणि त्याच्या भयात स्वतः भितो, तो खरा प्रेक्षक, असा त्यांचा भाव आहे. हे वाचले आणि आम्हांस वाटले, सिल्व्हरस्टोनच्या त्या प्रेक्षकाला आणखी काय सांगावयास हवे? स्वार हसत असताना त्याच्याबरोबर हसलास, जिंकला तेव्हा नाचलास. आज तो भ्याला आहे, तर आज त्याच्याबरोबर भी. भिणाऱ्याला भ्याड म्हणून हिणवणे हे प्रेक्षकपण सोडल्याचे लक्षण आहे.

मग प्रेक्षकाचा हक्क कशावर? की त्याला हक्कच नाही? आहे, आणि तो पक्का आहे. तो समजण्यासाठी आणखी एक पावसाळी रविवार पाहू. २०२१ सालची ऑगस्टची २९ तारीख, बेल्जियममधले स्पा नावाचे मैदान, आणि या वेळी फटफट्या नव्हे तर फॉर्म्युला वन मोटारी. तेथेही धोधो पाऊस, तेथेही तासन् तास खोळंबा, तेथेही भिजलेले लोक. पण तेथे शर्यत रद्द झाली नाही. संध्याकाळी सुरक्षा-गाडी पुढे घालून तिच्या मागून मोटारी अवघ्या दोन-तीन फेऱ्या रांगेने फिरवल्या. कोणी कोणाला ओलांडावयाचे नाही, कोणी झुंजावयाचे नाही. मग पाऊस आहे म्हणून थांबवले, त्यालाच शर्यत म्हटले, विजेता जाहीर केला आणि निम्मे गुण वाटले. चषकही देण्यात आले! तिसऱ्या क्रमांकाचा मान मिळालेला लुईस हॅमिल्टन स्वतः म्हणाला की, प्रेक्षकांचे पैसे परत केले पाहिजेत. पुढच्या वर्षी गुणांचा नियमही बदलावा लागला.

दोन्ही ठिकाणी पाऊस तोच आणि निराशाही तीच. पण एके ठिकाणी लोकांना सांगितले, 'होऊ शकत नाही.' दुसऱ्या ठिकाणी सांगितले, 'झाली.' आम्हांस विचाराल तर पहिल्या ठिकाणचा प्रेक्षक उपाशी घरी गेला, आणि दुसऱ्या ठिकाणच्या प्रेक्षकाला रिकामे ताट वाढून वर ढेकर द्यावयास सांगितले. भूक दोघांचीही राहिली, पण अपमान एकाचाच झाला. यावरून हक्क कशावर आहे ते उघड होते. प्रेक्षकाचा हक्क शर्यतीवर नाही. तो सत्यावर आहे. प्रामाणिक तयारी व्हावी, खरे कारण वेळेवर कळावे, न झालेल्या गोष्टीला झाली म्हणू नये, आणि जे दिले नाही त्याचे मोल ठेवून घेऊ नये, एवढे त्याचे मागणे रास्त आहे. त्याने तिकीट घेतले ते एक आसन आणि एक वचन. दुसऱ्याचा जीव त्या तिकिटात कधीच विकला गेलेला नव्हता.

मोलाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. काही सात्त्विक मंडळी अशा वेळी मध्ये पडतात आणि म्हणतात, 'जाऊ द्या हो, समाधान मानावे. पैसा काय, मायाच आहे.' वाचकहो, समाधान ही थोर वस्तू आहे, पण ती ज्याने त्याने स्वतःसाठी कमवावयाची असते. दुसऱ्याचे पैसे आपल्या पेटीत ठेवून त्याला समाधानाचा उपदेश करणे, हे शास्त्रात कोठे बसत नाही. आमच्या स्मृतिकारांनी व्यवहाराची अठरा पदे मोजली, त्यांत खरेदी-विक्रीनंतरचा पस्तावा हे एक स्वतंत्र पद ठेवले. म्हणजे घेणाऱ्याची हळहळ हा लोभ म्हणून झटकून टाकावयाचा विषय नव्हे. न्यायासनापुढे आणावयाचा विषय आहे, हे त्यांनी जाणले होते. गरिबाने वर्षभर साठवून घेतलेले तिकीट आणि श्रीमंताने सहज घेतलेले तिकीट यांवर किंमत एकच छापलेली असली, तरी बुडाल्यावर दोघांचे नुकसान एक नसते. तेव्हा समाधानाचा उपदेश करणाऱ्याने आधी पेटी उघडावी, मग तोंड उघडावे.

आता वारकरी वाचकांच्या मनातली एक गोष्ट बोलून घेऊ. 'आम्हीही आषाढात भिजतो, पण आमची वारी काही पावसाने बुडत नाही.' खरे आहे. याचे कारण असे की वारकरी हा पाहणारा नव्हे, चालणारा आहे. चालणाऱ्याच्या वाटेत पाऊस आला तर तो चालण्याचाच एक भाग होतो; पाहणाऱ्याच्या वाटेत आला तर तो नुसता अडथळा. चालणाऱ्याच्या हाती पुढचे पाऊल तरी असते. पाहणाऱ्याच्या हाती काहीच नसते. त्याचे सुख सर्वस्वी दुसऱ्याच्या हातात, म्हणून त्याचे दुःखही चमत्कारिक. ते हसण्यावारी नेऊ नये. आणि आपल्यालाही तो अनुभव नाही असे कोठे आहे? २०२० साली साथीमुळे पायी वारी झाली नाही, संतांच्या पादुका एस. टी. गाडीतून पंढरीस गेल्या, आणि आपण दारात उभे राहून मनाने चाललो. डोळ्यांत पाणी होते. पण रस्त्यावर लाखो लोक लोटून कोणाचे आईबाप दगावले असते, तर ती वारी आपल्याला गोड लागली असती काय? हळहळ होती, पण ती हळहळच होती. तिला आपण कोणावरचा दावा केले नाही. सिल्व्हरस्टोनच्या प्रेक्षकाची वस्तू निराळी, श्रद्धा निराळी, हे आम्ही जाणतो. पण न घडलेल्या गोष्टीपुढे उभे राहण्याची रीत सर्वांना एकच शिकावी लागते.

ती रीत थोडक्यात अशी. आधी हळहळ खुशाल होऊ द्यावी. ती दाबली की आत कुजते. मग तिची वाटणी करावी. पावसाचे पावसाला द्यावे, आणि तेथे हात जोडावे. डांबराचे डांबर घालणाऱ्याला, घालवून घेणाऱ्याला आणि तासन् तास गप्प बसणाऱ्याला द्यावे, आणि तेथे जाब विचारावा. सौम्य शब्दांत, पण उत्तर मिळेपर्यंत. स्वाराच्या वाट्याला मात्र काही उरत नाही. उरलेच तर एक नमस्कार उरतो, की बाबा, तू आज घरी गेलास.

पुढची हकीकत सांगून थांबतो. रस्ता नव्याने झाला, आणि २०१९ च्या २५ ऑगस्टला त्याच मैदानावर तीच शर्यत झाली. शेवटच्या वळणापर्यंत मार्क मार्केस पुढे होता. समाप्तीच्या रेषेवर दुसऱ्या एका स्वाराने त्याला गाठले आणि तो जिंकला. अंतर किती, तर एका सेकंदाचे हजार भाग केले तर त्यांतले तेरा! डोळ्याची पापणी लवावयासही याहून जास्त वेळ लागतो. तो जिंकणारा स्वार म्हणजे आलेक्स रिन्स, आदल्या वर्षी त्या शनिवारी स्टोच्या वळणावर पाण्यात ज्याची गाडी सुटली होती तोच. त्या रविवारी पाण्यात शर्यत सोडली असती तर त्याचे काय झाले असते, हे कोणी सांगू शकत नाही. तो २०१९ साली धावावयास होता आणि लोक पाहावयास होते, एवढे मात्र सर्वांनी पाहिले. ज्या प्रेक्षकाला वर्षभर थांबता आले, त्याला हे तेरा सहस्रांश मिळाले.